कुंपण, झाड आणि शेजारधर्म

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणापाशी मागावयाची, या अर्थाची म्हण मराठी घरांतून नित्य ऐकू येते. ती ज्या समाजात जन्मास आली त्या समाजाची कुंपणाविषयीची कल्पना तिच्यात उतरली आहे. काट्याकुट्यांची ती ओळ त्या लोकांना निर्जीव वाटत नव्हती. तिच्यावर काही कामगिरी सोपविलेली आहे, आणि त्या कामगिरीस ती चुकली तर तो विश्वासघात होय, असे ते मानीत. आज शहरांतील बहुतेक कुटुंबांना शेत नाही. तथापि बंगल्याभोवतीची भिंत, चाळीमागचे आवार, गृहनिर्माण संस्थेचा कठडा आणि त्यावरून पलीकडे झुकलेले जुने झाड ही सर्वांच्या परिचयाची आहेत. वळवाच्या एखाद्या पावसात असे झाड कोसळते. शेजारची भिंत ढासळते, कौले फुटतात, रस्त्याच्या कडेस उभी असलेली मोटार चिरडते. कधी माणूसही प्राणास मुकतो. मग झाडाचा मालक म्हणतो, वारा काही माझ्या सांगण्यावरून आला नाही. शेजारी म्हणतो, वारा कोणाचाही असो, झाड तुमचे होते. या दोघांत खरे कोणाचे, हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि त्याच्या उत्तराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

आपल्याकडील धर्मशास्त्रकारांनी कुंपणाचा विचार शेतापासून सुरू केला. गावाच्या चोहोबाजूंस 100 धनुष्ये रुंदीची जागा गुरांसाठी मोकळी ठेवावी, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. एक धनुष्य म्हणजे चार हात. या चराऊ जागेला लागून कोणी शेत केले आणि त्यास कुंपण घातले नाही, तर गुरांनी पीक खाल्ल्याबद्दल गुराख्यास दंड करू नये, असा तेथे नियम आहे. कुंपण कसे असावे हेही त्या ग्रंथात मोठ्या मार्मिकपणे सांगितले आहे. ते इतके उंच हवे की उंटास त्यावरून पलीकडे पाहता येऊ नये. आणि कुत्र्याचे अथवा डुकराचे तोंड शिरेल एवढे भोकही त्यात राहू देऊ नये. नारदाने या वर्णनात घोड्याची भर घातली आहे. त्यास कुंपण उडी मारून ओलांडता येता कामा नये. उंट, घोडा आणि डुक्कर यांची ही मापे वाचताना आज हसू येईल. परंतु त्यांमागील न्याय गंभीर आहे. जेथे उपद्रवाचा संभव उघड दिसतो तेथे आधी सावध न राहणाऱ्यास मागाहून तक्रार करण्याचा अधिकार पुरता उरत नाही. उलट, कुंपण नीट घातलेले असूनही गुरे आत शिरली, तर मात्र दोष गुराख्याकडे जाई. जबाबदारी दोन्ही बाजूंस वाटलेली होती आणि ती दक्षतेच्या मापाने वाटलेली होती.

कुंपणाहून कठीण प्रश्न सीमेचा. कुंपण डोळ्यांस दिसते. सीमा ही पुष्कळदा स्मरणात असते. म्हणून स्मृतिकारांनी सीमेवर झाडे लावण्यास सांगितले. वड, पिंपळ, पळस, सावरी, साल, ताड आणि चीक असलेले वृक्ष यांची नावे मनुस्मृतीत दिली आहेत. दीर्घायुषी, दुरून ओळखू येणारे आणि सहसा कोणी न तोडणारे वृक्ष निवडण्यात त्यांचा हेतू स्पष्ट आहे. त्यांच्या जोडीस विहिरी, तळी व देवालये सीमेवर बांधावीत आणि जमिनीखालीही गुप्त खुणा पुराव्यात, असे सांगितले आहे. दगड, हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू अशा, माती ज्यांना लवकर गिळून टाकीत नाही त्या वस्तूंची यादी तेथे आढळते. वाद निघालाच तर त्याचा निकाल ज्येष्ठ महिन्यात करावा, कारण त्या वेळी या खुणा उघड्या पडलेल्या असतात. उन्हाळ्याने गवत जाळलेले असते आणि पावसाने नवे उगवलेले नसते, ही गोष्ट शेतकऱ्यास सांगावयास नको.

खुणांनीही निर्णय झाला नाही तर साक्षीदार बोलवावयाचे. या साक्षीदारांत पहिला मान शेजाऱ्यांचा. यासाठी धर्मशास्त्रात ‘सामंत’ हा शब्द योजिला आहे. पुढे मांडलिक राजास लावला गेलेला हा शब्द मुळात लगतच्या भूमीत राहणारा, म्हणजे शेजारी, याच अर्थाचा होय. साक्षीदारांनी डोक्यावर माती घ्यावी, गळ्यात माळा घालाव्या, तांबडी वस्त्रे नेसावी आणि आपल्या पुण्याची शपथ वाहून सीमा दाखवावी. खोटे बोलणाऱ्यास दंड सांगितला आहे. शेजारी न मिळाले तर पारधी, गुराखी, कोळी, कंदमुळे खणणारे, साप धरणारे अशा वनात हिंडणाऱ्यांस विचारावे. रोज पायाखाली जमीन तुडविणाऱ्याचे ज्ञान विद्वानाच्या तर्काहून या बाबतीत अधिक विश्वासार्ह, हे शास्त्रकारांनी निःसंकोचपणे मान्य केले होते.

सीमेवरच उगवलेल्या झाडाचे काय, हाही प्रश्न त्यांच्या दृष्टीतून सुटला नाही. दोन शेतांच्या सीमेत जन्मलेल्या झाडाची फुले व फळे दोन्ही शेतांच्या मालकांची सामाईक समजावी, असे कात्यायनाने सांगितले आहे. हा विचार महाराष्ट्रास परका नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही सर्वमान्य टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कारकीर्दीत, म्हणजे 1076 ते 1126 या काळात, कल्याणी येथे लिहिली. ते कल्याणी म्हणजे कर्नाटकातील बसवकल्याण. पुढे सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या घराण्यातील नीलकंठ भट्टाने काशीस ‘व्यवहारमयूख’ रचला. सीमावादाचे प्रकरण या दोन्ही ग्रंथांत आहे.

ग्रंथांतील नियम गावात कसे उतरले हे मराठेशाहीतील कागदपत्रांवरून कळते. शिवेचा वाद गोतसभेपुढे येई. वतनदार, बलुतेदार आणि आजूबाजूच्या गावांचे पाटील-कुलकर्णी जमत, उभयतांची हकीकत ऐकत आणि झालेल्या निर्णयाचा महजर होई. पुराव्याने निभाव लागला नाही तर दिव्याचा अवलंब केला जाई. या साऱ्या व्यवहारात गावच्या महाराची साक्ष फार मोलाची मानली जाई. शिवेची राखण हे त्याचे परंपरागत काम. कोणता दगड कोठे होता आणि कोणत्या वर्षी कोणी बांध सरकविला हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसे. त्याने वादातील शीव चालून दाखविली म्हणजे पुष्कळदा तीच कायम होई. ज्या माणसास गावाने गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्याच शब्दावर गावाची शीव ठरत होती. मराठी समाजाच्या इतिहासातील हा विसंवाद कुंपणाच्या प्रकरणात जितका ठळक दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

झाडाच्या मालकीकडे पाहण्याची त्या काळची दृष्टी रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त स्पष्ट झाली आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात आरमाराच्या लाकडाचे प्रकरण आहे. आंबा, फणस यांचे लाकूड जहाजांच्या उपयोगी पडते हे खरे. तथापि ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांस हात लावू नये, असा त्यातील आदेश आहे. एखादे झाड जीर्ण होऊन निकामी झाले असेल तर मालकास राजी करून, मोल देऊन, मग तोडावे. ज्याने झाड वाढविले त्याचा हक्क सरकारनेही मानावा, हा या आदेशाचा गाभा. आणि हक्क मानला की त्यामागून कर्तव्य येतेच.

इंग्रजी अमलात या व्यवहाराचे स्वरूप पालटले. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835 पासून पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात जी मोजणी सुरू केली, तिने प्रत्येक शेतास क्रमांक व नकाशा दिला. शीव माणसाच्या स्मरणातून निघून दप्तरात गेली. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने हद्दीच्या खुणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली. महाराष्ट्राच्या 1966 च्या महसूल संहितेतही हेच तत्त्व कायम आहे. तरीही दर नांगरणीस शेजाऱ्याचा बांध वितभर कोरण्याची खोड काही दप्तराने गेली नाही. गुरांच्या बाबतीत 1871 च्या कायद्याने शेतकऱ्यास मोठे हत्यार दिले. शेतात शिरून नुकसान करणारी गुरे धरावी आणि कोंडवाड्यात घालावी. मनुस्मृतीत गावकुरणालगतच्या शेतकऱ्यास आधी तुझे कुंपण दाखव, असे विचारले जात होते. आता आधी गुरांच्या धन्यास जाब विचारला जाऊ लागला. याच्या मुळाशी इंग्रजी विचार होता. शेजाऱ्याची गुरे बाहेर ठेवण्यासाठी कुंपण घालण्याचे बंधन सामान्यतः कोणावर नाही, परंतु आपली गुरे आपल्या हद्दीत ठेवण्याचे बंधन प्रत्येकावर आहे, असे तो मानीत असे.

पडलेल्या झाडाच्या प्रश्नावर तर इंग्रजी न्यायनिर्णयांचाच प्रभाव येथील न्यायालयांवर अधिक पडला. त्यांचा परामर्श घेण्यापूर्वी युरोपातील अतिप्राचीन लेखी कायद्याकडे पाहणे उपयुक्त होईल. रोमचे ‘बारा फलकांचे कायदे’ ख्रिस्तपूर्व 451-450 मध्ये झाले. शेजाऱ्याच्या शेतावर छाया धरणाऱ्या झाडाच्या फांद्या 15 फुटांच्या उंचीपर्यंत छाटाव्या, असा नियम त्यांत होता. वाऱ्याने एखादे झाड शेजाऱ्याच्या शेतावर कलले, तर ते काढविण्यासाठी त्यास दावा करता येई. झाड पडण्याची वाट पाहावयाची नव्हती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पलीकडे पडलेली फळे वेचण्यास मालकास जाऊ देणे शेजाऱ्यावर बंधनकारक होते. पुढे त्यासाठी एका दिवसाआडची मुदतही ठरली. याहून महत्त्वाची रोमन कल्पना म्हणजे न घडलेल्या नुकसानीची हमी. शेजारचे घर कोसळण्याच्या बेतात दिसले तर न्यायाधिकाऱ्याकडे जाऊन त्याच्या मालकाकडून आगाऊ हमी मागता येई. ही हमी वेळीच मागितली नसेल, तर घर कोसळल्यावर भरपाईचा हक्क सामान्यतः राहत नसे. ज्यास धोका दिसतो त्याने मुकाट बसू नये, हा या नियमाचा धडा.

इंग्लंडातील न्यायाधीशांपुढे एकोणिसाव्या शतकात जे खटले आले त्यांत दोन यू नावाच्या विषारी पानांच्या झाडाविषयीचे आहेत. 1878 साली एका दफनभूमीच्या व्यवस्थापकांवर दावा झाला. त्यांच्या झाडाच्या फांद्या कठड्याबाहेर शेजारच्या कुरणावर गेल्या होत्या. तेथील घोड्याने पाने खाल्ली आणि तो मेला. व्यवस्थापकांस भरपाई द्यावी लागली. 1894 सालच्या खटल्यात झाड पूर्णपणे मालकाच्या हद्दीत होते. शेजारच्या शिंगरानेच मान पलीकडे घालून पाने खाल्ली. तेथे मालक निर्दोष ठरला. एकच झाड, एकच विष. निकाल बदलला तो केवळ हद्दीच्या रेषेने. त्याच वर्षी हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरविले की, शेजाऱ्याच्या झाडाच्या आपल्या जमिनीवर आलेल्या फांद्या आपल्या बाजूस उभे राहून, आगाऊ सूचना न देताही, छाटता येतात. मात्र छाटलेल्या फांदीवरचे फळ आपले होत नाही. 1919 साली शेजाऱ्याच्या झाडाची अशी सफरचंदे तोडून विकणाऱ्या गृहस्थास त्यांची किंमत मोजावी लागली. कात्यायनाने सामाईक म्हटलेले फळ सीमेवरच्या झाडाचे होते. एकाच्या जमिनीत रुजलेल्या झाडाचे फळ इंग्रजी न्यायाने त्याचेच राहू दिले.

परंतु सर्वांत अवघड प्रश्न अचानक पडणाऱ्या झाडाचा. 1926 च्या एका खटल्यात रस्त्यावर सुमारे 30 फूट उंचीवर आलेली बीच वृक्षाची फांदी स्वच्छ हवेत अकस्मात मोडून खालून जाणाऱ्या मोटारगाडीवर पडली. फांदीतील दोष गुप्त होता आणि काळजीपूर्वक पाहणी करूनही तो कळून आला नसता, म्हणून मालकावर जबाबदारी आली नाही. लंडनमधील एका जुन्या एल्म वृक्षाच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने याच मार्गाने निर्णय दिला; वरून निरोगी दिसणाऱ्या त्या झाडाची मुळे आतून कुजलेली होती. या निर्णयांतून झालेला नियम साधा आहे. झाड माझे आहे एवढ्यानेच मी अपराधी ठरत नाही. परंतु झाड धोक्याचे आहे हे मला ठाऊक होते, किंवा समंजस माणसासारखे पाहिले असते तर कळले असते, तर वाऱ्याचे निमित्त मला वाचवू शकत नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न दोनदा आला आणि दोन्ही वेळा एका कुटुंबाचा कर्ता पुरुष गेलेला होता. राजकोट येथे 1975 साली रेल्वे स्थानकाकडून पायी कचेरीस जाणाऱ्या एका गृहस्थावर रस्त्याकडेचे झाड अकस्मात पडले व तो मरण पावला. त्याच्या कुटुंबाने दावा केला; खालच्या न्यायालयांनी भरपाई मंजूर केली. परंतु 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. झाडाच्या धोकादायक स्थितीची महापालिकेस जाणीव असल्याचे दिसत नाही, आणि शहरातील प्रत्येक झाडाच्या पडण्याबद्दल तिला जबाबदार धरता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. दिल्लीत 1964 साली स्कूटरवरून जाणाऱ्या एका गृहस्थाच्या डोक्यावर रस्त्यावरील झाडाची फांदी कोसळली. ते झाड वठलेले होते, असा पुरावा पुढे आला. वठलेले झाड कोणाच्याही डोळ्यांस दिसते. ज्याच्या ताब्यात ते आहे त्याने ते पाहावयास हवे होते. 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेस जबाबदार धरले. मृताच्या कुटुंबास अंतिम न्याय मिळण्यास 35 वर्षे लागली, ही गोष्टही या इतिहासाचाच भाग होय.

हे दोन निकाल परस्परविरुद्ध भासतात. परंतु उंटाच्या उंचीचे कुंपण, रोममधील आगाऊ हमी, बीचच्या फांदीचा गुप्त दोष आणि दिल्लीचे वठलेले झाड ही सारी एका ओळीत मांडली म्हणजे त्यांतील समान सूत्र उमगते. नुकसानीची जबाबदारी मालकीतून उगवते, पण वाढते ती जाणिवेने. जो पाहू शकत होता आणि पाहिले नाही, जो सांगू शकत होता आणि सांगितले नाही, त्याच्याकडे इतिहासाने बोट दाखविले आहे. न दिसणाऱ्या दोषाबद्दल मात्र त्याने बहुधा क्षमा केली आहे.

आजच्या मराठी शहरांत या सूत्रास एक नवी बाजू जोडली गेली आहे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा 1975 साली झाला. त्यान्वये आपल्या आवारातील झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. त्यामुळे झाड एकाचे, ते पाडण्याची अनुमती दुसऱ्याची आणि ते पडण्याची भीती तिसऱ्याची, अशी स्थिती उत्पन्न झाली आहे. अशा वेळी धोका लेखी कळविणे हेच मालकाचे आणि शेजाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते. मालकाने पावसाळ्यापूर्वी खोड, मुळे व सुकलेल्या फांद्या जाणत्या माणसाकडून पाहून घ्याव्या आणि छाटणीसाठी वेळीच अर्ज करावा. शेजाऱ्याने भिंतीला गेलेली भेग किंवा झाडाचा नवा कल दिसताच मालकास व पालिकेस पत्र द्यावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी. पुढे वाद उपस्थित झालाच, तर जाणीव कोणास केव्हा झाली हे त्या कागदावरून ठरते. आणि वाद झाला नाही, तर बहुधा त्या कागदामुळेच तो टळलेला असतो.

माणसाने स्वतः निर्माण केलेला धोका याहून वेगळा. बुंध्यापर्यंत फरसबंदी करून, गटारासाठी मुळे तोडून आणि एकाच बाजूच्या फांद्या छाटून शहरांनी पुष्कळ झाडे स्वतःच्या हाताने कमकुवत केली आहेत. 2013 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. ज्याने मुळांचा श्वास कोंडला त्यास पुढे वाऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाही.

जुन्या सीमावादांत शेजाऱ्यास डोक्यावर माती घेऊन खरे बोलावयास सांगत असत. ती माती दोघांच्याही जमिनीची असे. आज भिंती पक्क्या झाल्या आहेत, नकाशे दप्तरात आहेत आणि साक्षीसाठी तांबडी वस्त्रे कोणी नेसत नाही. परंतु भिंतीच्या एका बाजूस राहणाऱ्याला दुसऱ्या बाजूचे झाड कलताना दिसते, हे अद्याप बदललेले नाही. ते पाहून वेळीच शब्द टाकणे आणि टाकलेला शब्द राग न धरता ऐकून घेणे, एवढाच शेजारधर्म या दीर्घ इतिहासाने मागितला आहे.